दादासाहेब फाळके यांचे छायाचित्रण

धुंडिराज गोविंद फाळके ऊर्फ दादासाहेब फाळके (जन्म : त्र्यंबकेश्वर, ३० एप्रिल १८७०, मृत्यू : नाशिक, १६ फेब्रुवारी १९४४) हे मराठी चित्रपटनिर्माते, दिग्दर्शक, छायाचित्रकार आणि मुद्रणतज्ज्ञ होते. त्यांना भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक मानले जाते. १९१३ साली प्रदर्शित झालेला 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा मूकपट भारतातील पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट म्हणून ओळखला जातो. पौराणिक कथा पडद्यावर आणणारे दिग्दर्शक म्हणून फाळके सर्वपरिचित आहेत. मात्र कॅमेरा हाती येण्यापूर्वी त्यांनी सुमारे वीस वर्षे छायाचित्रण, ठसे तयार करणे आणि रंगीत मुद्रण या व्यवसायांत घालवली होती. फिल्मवर किती प्रकाश पडू द्यायचा आणि नंतर ती रसायनात किती वेळ ठेवायची, या दोहोंचा मेळ घालण्याची विद्या त्यांनी या वीस वर्षांत कमावली. 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर दिसू शकला याचे बरेचसे श्रेय या विद्येला आहे.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वर येथे एका विद्याव्यासंगी ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे वडील संस्कृतचे पंडित होते. वडिलांना मुंबईत अध्यापनाची नोकरी मिळाल्यावर कुटुंब तेथे आले. १८८५ मध्ये धुंडिराज यांनी सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. तेथील शिक्षणानंतर ते वडील बंधूंबरोबर बडोद्यास गेले व कलाभवनात चित्रकला शिकू लागले. १८९० मध्ये त्यांनी छायाचित्रणाचा एक कॅमेरा विकत घेतला आणि चित्रे टिपणे, काच धुणे व छापणे असे प्रयोग स्वतःच सुरू केले. कलाभवनाचे प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. या विद्यार्थ्याची चिकाटी पाहून त्यांनी संस्थेची छायाचित्रणशाळा त्याला वापरावयास दिली. पुढे ठसे करणे व छायाशिलामुद्रण शिकण्यासाठी फाळके यांना रतलाम येथेही पाठविण्यात आले.

याच १८९० साली इंग्लंडमध्ये फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या दोन औद्योगिक तंत्रज्ञांनी छायाचित्रणावरील आपला प्रसिद्ध निबंध प्रकाशित केला. काचेवर पडलेला प्रकाश आणि विकसनानंतर तिच्यावर साठलेल्या चांदीची घनता यांचे नाते त्यांनी प्रथमच मोजमाप करून मांडले. तोपर्यंत बहुतेक छायाचित्रकार हे नाते अनुभवाने जाणत, आकड्यांनी नव्हे. फाळके ज्या परंपरेत तयार झाले ती अनुभवाची, डोळ्यांची आणि हाताची परंपरा होती.

एक्सपोजर आणि डेव्हलपिंग यांचा मेळ

कृष्णधवल काचेवर किंवा फिल्मवर जिलेटिनमध्ये मिसळलेल्या चांदीच्या क्षारांचा पातळ थर असतो. प्रकाश पडला की या थरावर एक अदृश्य प्रतिमा उमटते. विकासक द्रावणात, म्हणजे डेव्हलपरमध्ये, ती बुडवली की प्रकाश लागलेल्या कणांची काळी चांदी होऊ लागते. वस्तूचा उजळ भाग अशा रीतीने निगेटिव्हवर काळा होतो. छायेतील भाग विकसनाच्या सुरुवातीच्या काळातच जवळजवळ पूर्ण होतात आणि पुढे फारसे वाढत नाहीत. उजळ भाग मात्र वेळ वाढेल तसे अधिकाधिक काळे होत जातात. म्हणूनच छायेतला तपशील एक्सपोजरवर ठरतो, तर चित्रातील काळ्या-पांढऱ्याचा भेद विकसनाच्या वेळेवर ठरतो. प्रकाश कमी पडला असेल तर फिल्म कितीही वेळ रसायनात ठेवली तरी सावलीत हरवलेले डोळे, दागिने वा वस्त्रांच्या चुण्या परत येत नाहीत. फक्त चित्र भडक होते. उलट भर दुपारच्या कडक उन्हात टिपलेली फिल्म नेहमीइतकाच वेळ धुतली तर चेहरे खडूसारखे पांढरे होतात आणि सावल्या डांबरासारख्या दिसतात. अशा वेळी एक्सपोजर थोडे वाढवून विकसन थोडे आटोपते घ्यावे लागते.

यात हवामानाची भर पडते. विकासक द्रावणाचे काम सुमारे १८ ते २० अंश सेल्सियस तापमानात ठीक चालते. ते तापले की क्रिया झपाट्याने होते आणि जिलेटिनचा थर फुगून मऊ पडतो. मुंबईच्या एप्रिल-मे महिन्यांत हा प्रश्न किती बिकट असेल, हे वेगळे सांगावयास नको.

छायाचित्रकार ते मुद्रक

१८९० च्या दशकात फाळके यांनी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. शतकाअखेर आलेल्या प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. फाळके बडोद्यास परतले व पुन्हा छायाचित्रणाकडे वळले. पण कॅमेरा माणसाच्या देहातील शक्ती शोषून घेतो आणि त्यामुळे मृत्यू ओढवतो, अशी समजूत लोकांत पसरलेली असल्याने धंदा चालला नाही. या सुमारास ते एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखीचे प्रयोग शिकले. पुढे आपल्या आडनावाची अक्षरे उलटी फिरवून 'प्रोफेसर केल्फा' या नावाने ते जादूचे खेळही करीत. पडद्यावरील चमत्कारांची ओढ त्यांना या काळातच लागली असावी.

१९०२ मध्ये गिरिजा करंदीकर यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. विवाहानंतर त्यांचे नाव सरस्वती ठेवण्यात आले. १९०३ च्या सुमारास फाळके भारतीय पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून रुजू झाले. प्राचीन वास्तूंचे छायाचित्रण ही एक्सपोजरची कठोर शाळाच असते. बाहेर रखरखीत ऊन आणि गाभाऱ्यात जवळजवळ काळोख, अशा दोन टोकांना एकाच काचेवर सामावून घ्यावे लागते. काचेच्या निगेटिव्हची एक सोय मात्र होती. प्रत्येक काच वेगळी असल्याने ती वेगळ्या वेळेपर्यंत धुता येई आणि एका चित्राची चूक दुसऱ्याला बाधत नसे. ही सोय फाळके यांना पुढे चित्रपटात मिळणार नव्हती.

स्वदेशी चळवळीच्या काळात त्यांनी सरकारी नोकरी सोडली. राजा रविवर्मा यांच्या मुद्रणालयासाठी त्यांनी छायाशिलामुद्रणाचे काम केले आणि नंतर लोणावळ्यात स्वतःचा ठसे व मुद्रणाचा कारखाना काढला. तो पुढे मुंबईत दादर येथे आला. १९०९ मध्ये तिरंगी मुद्रणाचे तंत्र व यंत्रे पाहण्यासाठी ते जर्मनीस गेले. तिरंगी मुद्रणात एकाच चित्राच्या तीन निगेटिव्ह वेगवेगळ्या रंगांच्या काचांमधून घेतात. प्रत्येक काच निरनिराळ्या प्रमाणात प्रकाश अडवते, त्यामुळे तिन्हींचे एक्सपोजर वेगळे असते. इतके करूनही तिन्ही निगेटिव्हमधील काळ्या-पांढऱ्याचा भेद सारखाच यावा लागतो, आणि त्यासाठी प्रत्येकीच्या विकसनाची वेळ स्वतंत्रपणे साधावी लागते. एक जरी चुकली तरी छापील चित्रातील करड्या छटांवर तांबूस किंवा हिरवट झाक चढते. एक्सपोजर आणि विकसन परस्परांशी जुळवण्याचा इतका काटेकोर सराव त्या काळी अन्य कोणत्याही धंद्यात क्वचितच मिळाला असता. व्यावसायिक मतभेदांमुळे फाळके यांनी हा चांगला चाललेला धंदाही सोडला.

दृष्टी आणि लंडनची वारी

१९११ मध्ये ईस्टरच्या सुमारास मुंबईत फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि राम-कृष्णांच्या कथा अशाच पडद्यावर आणण्याचा ध्यास घेतला. त्यानंतर काही महिने ते मिळतील ते चित्रपट रोज तासन्‌तास पाहत होते, उरलेला वेळ प्रयोगांत जात होता आणि झोप नावापुरती राहिली होती. या ताणाने त्यांचे डोळे बिघडले व काही काळ दृष्टी जवळजवळ नाहीशी झाली. वैद्यकीय उपचारांनी आणि चष्म्यांच्या साहाय्याने ती परत आली. ज्या कामात निगेटिव्ह कितपत पिकली हे तांबड्या दिव्याच्या मंद उजेडात पाहून ठरवायचे असते, त्या कामाच्या उंबरठ्यावर हे घडले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली असतानाही त्यांनी आपला बेत सोडला नाही.

विमा पॉलिसी तारण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे 'बायोस्कोप' या चित्रपटविषयक साप्ताहिकाचे संपादक कॅबॉर्न यांची त्यांनी भेट घेतली. कॅबॉर्न यांनी प्रथम त्यांना या धंद्यापासून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. भारताचे हवामान या कामास मानवणार नाही, अशी शंकाही त्यांनी बोलून दाखवली. रसायनांवर उष्णतेचा परिणाम लक्षात घेता ही शंका अगदीच निराधार नव्हती. पुढे त्यांच्याच ओळखीने फाळके यांना सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहण्याची संधी मिळाली. ५० पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन, कोडॅकची कोरी फिल्म आणि फिल्मच्या कडांना छिद्रे पाडण्याचे यंत्र मागवून ते १ एप्रिल १९१२ रोजी मुंबईस परतले. यंत्रसामग्री आल्यावर तिच्यासोबतच्या आराखड्याच्या आधारे त्यांनी कॅमेऱ्याची जुळणी काही दिवसांतच केली.

अंकुराची वाढ

भांडवलदारांची खात्री पटावी म्हणून फाळके यांनी प्रथम एक छोटी चित्रफीत तयार केली. कुंडीत वाटाण्याचे दाणे पेरून त्यांनी कॅमेरा त्यासमोर रोवला आणि अंकुर फुटण्यापासून वेल चढेपर्यंतची वाढ महिन्याहून अधिक काळ थोडी थोडी टिपली. पडद्यावर हे सारे मिनिटभरात घडताना दिसे. 'अंकुराची वाढ' या नावाने ही चित्रफीत ओळखली जाते.

ही फीत नवलाची म्हणून सांगितली जाते. तिच्यातली खरी अडचण मात्र सहसा सांगितली जात नाही. त्या काळच्या गतीने मिनिटभराच्या फितीत सुमारे ९६० चित्रे बसतात. महिनाभरात ती टिपायची म्हणजे दररोज सरासरी तीसेक चित्रे. कधी आभाळ भरून येणार, कधी ऊन कडक असणार. काचेच्या निगेटिव्हसारखी यातील प्रत्येक दिवसाची चित्रे वेगळी धुता येत नाहीत; सगळी फीत एकाच वेळी, एकाच द्रावणात, एकाच कालावधीसाठी बुडवावी लागते. एखाद्या दिवशी प्रकाश कमी पडला असेल तर तो विकसनात भरून काढण्याची सोय नाही. विकसनाची वेळ आधी मनाशी ठरवून प्रत्येक दिवसाचे एक्सपोजर तिला जुळते ठेवणे, हाच एक मार्ग उरतो. तसे न केल्यास पडद्यावर वेलीपेक्षा उजेडाची लुकलुकच अधिक दिसली असती. चित्रफीत पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज देऊ केले.

राजा हरिश्चंद्र

दादर येथील 'मथुरा भवन' या बंगल्यात कुटुंब राहावयास गेले. आवारात चित्रीकरणाची सोय, तसेच फिल्म धुण्यासाठी अंधारी खोली तयार करण्यात आली. पैसे कमी पडले तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. त्र्यंबकेश्वरचे बालमित्र त्र्यंबक तेलंग यांना फाळके यांनी कॅमेरा चालवावयास शिकवले आणि ते या चित्रपटाचे छायाचित्रकार झाले.

विल्यमसनचा कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालत असे. एका फेऱ्यात आठ चित्रे टिपली जात, आणि सेकंदाला दोन फेरे ही सर्वसाधारण गती होती. एका फुटात १६ चित्रे बसत. दांडा सावकाश फिरवला की प्रत्येक चित्रावर अधिक वेळ प्रकाश पडे, परंतु पडद्यावर पात्रे धावू लागत. भरभर फिरवला की प्रकाश कमी पडे. कॅमेरा चालवणाऱ्याचा मनगटी ठेका हाच एक्सपोजरचा एक भाग होता. तो ठेका दिवसभर सारखा राहिला नाही, तर रात्री अंधाऱ्या खोलीत त्याचा हिशेब चुकता करावा लागे. चित्रीकरण पूर्णपणे सूर्यप्रकाशावर अवलंबून होते. उन्हामुळे चेहऱ्यांवर पडणाऱ्या गडद सावल्या उजळाव्यात म्हणून पांढऱ्या चादरी धरून प्रकाश परतवला जाई. या चादरी भर उन्हात तासन्‌तास धरून उभे राहणाऱ्यांत सरस्वतीबाईही असत.

त्या काळच्या फिल्मला तांबडा रंग जवळजवळ दिसत नसे, निळा मात्र फार लवकर दिसे. परिणामी निळे आकाश पांढरे फटक येई, तर लाल-पिवळी वस्त्रे आणि गव्हाळ कातडी अपेक्षेपेक्षा काळवंडलेली दिसे. कुंकवाचा टिळा काळा दिसे. या दोषाचा एक फायदाही होता : फिल्म तांबड्या दिव्यात उघडता येई, आणि धुणाऱ्याला निगेटिव्ह किती पिकली हे डोळ्यांनी पाहता येई. लांब फिल्म लाकडी चौकटीवर गुंडाळायची, ती द्रावणाच्या टाकीत सोडायची, तांबड्या उजेडात वर काढून बघायची, योग्य वाटली की पाण्यातून हायपोच्या द्रावणात टाकून प्रतिमा पक्की करायची आणि शेवटी भरपूर धुऊन वाळवायची, अशी तेव्हाची रीत होती. जाणते कारागीर फितीच्या टोकाचा लहानसा तुकडा आधी धुऊन पाहत आणि त्यावरून उरलेल्या फितीची वेळ ठरवीत.

दिवसाचे चित्रीकरण आटोपल्यावर फाळके यांच्या घरी रात्री हे काम चाले. कोरी फिल्म तेव्हा छिद्रांविना येत असे. सरस्वतीबाई अंधारात यंत्रावर तिच्या कडांना छिद्रे पाडीत, रसायने तयार करीत आणि फिल्म धुण्यात पतीला साथ देत. दिवसा त्यांच्याकडे कंपनीच्या सगळ्या माणसांच्या स्वयंपाकाची जबाबदारी होती, आणि ही माणसे साठ-सत्तर असत. तारामतीची भूमिका त्यांनी करावी असे फाळके यांनी सुचवले होते. हा व्याप सांभाळून ते शक्य नसल्याने त्यांनी नकार दिला. ती भूमिका पुढे अण्णा साळुंके या उपाहारगृहात काम करणाऱ्या तरुणाने केली. सरस्वतीबाईंचा उल्लेख बहुधा दागिने देणारी सहधर्मचारिणी म्हणून होतो. वस्तुतः त्या भारतीय चित्रपटाच्या पहिल्या रसायनशाळेतील तंत्रज्ञ होत्या, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

सुमारे ३,७०० फूट लांबीच्या या चित्रपटास सहा महिने सत्तावीस दिवस लागले. एवढ्या लांबीत ५९ हजारांवर चित्रे होतात, आणि ती सगळी एका घरातील अंधारखोलीतून बाहेर पडली. २१ एप्रिल १९१३ रोजी मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये चित्रपट प्रदर्शित झाला.

नाशिकचा काळ आणि जादूदृश्ये

त्यानंतर फाळके यांनी आपले काम नाशिकला हलवले. 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' हे चित्रपट तेथे तयार झाले. १९१४ मध्ये ते हे तीन चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांच्या तांत्रिक गुणवत्तेची प्रशंसा झाली. हेपवर्थ यांनी त्यांना इंग्लंडमध्ये राहून भारतीय चित्रपट काढण्याचे आमंत्रण दिले. ते त्यांनी स्वीकारले नाही. महायुद्धामुळे पुढील काही वर्षे पैशाच्या ओढाताणीत गेली.

'लंकादहन' (१९१७), 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) आणि 'कालियामर्दन' (१९१९) या चित्रपटांत फाळके यांच्या जादूदृश्यांची कीर्ती झाली. 'श्रीकृष्णजन्म'मध्ये कंसाला आपले मस्तक धडावेगळे होऊन वर जाताना दिसते. 'कालियामर्दन'मध्ये त्यांची कन्या मंदाकिनी हिने बाळकृष्णाची भूमिका केली आहे. या काळात अशी दृश्ये घेण्याची पद्धत म्हणजे फिल्मचा काही भाग झाकून एकदा चित्रण करायचे, फिल्म कॅमेऱ्यातच मागे फिरवायची आणि झाकलेला भाग उघडून पुन्हा चित्रण करायचे. दोन्ही वेळचा प्रकाश तंतोतंत जुळला पाहिजे, कारण दोन्ही प्रतिमा एकाच तुकड्यावर असतात आणि त्यांना विकसन एकच मिळते. एक्सपोजरमधील चूक येथे लपत नाही. जोड उघडा पडतो आणि चमत्काराची फजिती होते. फाळके यांचे जादूगाराचे हात आणि मुद्रकाची नजर या दृश्यांत एकत्र आल्या.

१९१७ च्या सुमारास त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हा माहितीपटही काढला. त्यात ते स्वतः दिग्दर्शन व फिल्मवरील काम करताना दिसतात. आपले तंत्र गुपित न ठेवता प्रेक्षकांपुढे उघड मांडण्याची ही वृत्ती त्या काळच्या कारागिरांत दुर्मीळच होती.

१९१८ मध्ये भांडवलदारांच्या भागीदारीत नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. भागीदारांशी न पटल्याने फाळके ती सोडून काशीस गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. काही वर्षांनी ते कंपनीत परतले व पुढेही बरेच चित्रपट काढले. परंतु आधीच्या काळातील स्वायत्तता त्यांना पुन्हा मिळाली नाही.

बोलपट आणि कोल्हापूर

१४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि मूकपटांचे दिवस संपले. फाळके यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला होता; त्यावर नंतर ध्वनी चढवावा लागला.

डिसेंबर १९३४ मध्ये कोल्हापूर सिनेटोन या संस्थेकडून त्यांना बोलपट दिग्दर्शित करण्याचे आमंत्रण आले. छत्रपती राजाराम महाराजांचा या संस्थेस आश्रय होता. कोल्हापूर तेव्हा चित्रपटकलेचे जुने केंद्र झाले होते. बाबूराव पेंटर यांनी तेथे आपला कॅमेरा स्वतःच घडवून महाराष्ट्र फिल्म कंपनी उभारली होती. त्यांच्याच तालमीत तयार झालेल्या दामले, फत्तेलाल, धायबर व शांताराम यांनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली आणि १९३३ मध्ये ती पुण्यास नेली. प्रभातचा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' (१९३२) हरिश्चंद्राच्याच कथेवर होता; म्हणजे फाळके यांनी दादरच्या अंधारखोलीत आरंभलेली कथा कोल्हापुरात बोलू लागली होती. आता स्वतः फाळके, पासष्टीच्या घरात, त्या गावी आले.

त्यांच्या हातची बरीच साधने मात्र या मधल्या काळात निकामी झाली होती. बोलपटाचा कॅमेरा मोटारीवर सेकंदाला २४ चित्रे या ठरलेल्या गतीने चालतो. दांडा सावकाश फिरवून थोडा अधिक प्रकाश घेण्याची युक्ती त्यामुळे संपली. ध्वनीही फिल्मच्या कडेला प्रकाशानेच मुद्रित होत असे, आणि विकसन थोडे कमी-जास्त झाले तरी आवाज विद्रूप होई. चित्रासाठी खपून जाणारी चूक कानाला खपत नसे. त्यामुळे जगभरच्या रसायनशाळांत विकसनाची वेळ आणि तापमान यंत्राने बांधले गेले व घनता उपकरणांनी मोजली जाऊ लागली. हर्टर आणि ड्रिफील्ड यांचे आलेख चाळीस वर्षांनी रोजच्या वापरात आले. शिवाय नव्या फिल्मला सगळे रंग, तांबडा धरून, दिसू लागले होते. चेहऱ्याचा वर्ण आणि आकाश अधिक खरे दिसू लागले, पण तांबड्या दिव्यात निगेटिव्ह पाहून तिची वेळ ठरवण्याची जुनी सोय गेली. फिल्म पूर्ण काळोखात, घड्याळाच्या हिशेबाने धुवावी लागे. पूर्वी फाळके दिवसा प्रकाश मोजत आणि रात्री स्वतःच त्याचा परिणाम सांभाळत. बोलपटाच्या स्टुडिओत छायाचित्रकार, ध्वनिमुद्रक आणि रसायनशाळा असे तीन वेगळे विभाग होते, आणि दिग्दर्शक त्यांपैकी कोणाच्याच टाकीत हात घालीत नसे.

'गंगावतरण' हा तो चित्रपट हिंदी व मराठी भाषांत तयार झाला. त्याला सुमारे दोन वर्षे आणि अडीच लाख रुपये लागले. पुराणकथा आणि जादूदृश्ये या फाळके यांच्या आवडीच्या दोन्ही गोष्टी त्यात होत्या. ६ ऑगस्ट १९३७ रोजी मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये तो प्रदर्शित झाला. दिग्दर्शित केलेला त्यांचा हा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट ठरला.

अखेरचे दिवस आणि उरलेल्या फिती

कोल्हापूरहून फाळके नाशिकला परतले. नव्या चित्रपटधंद्यात त्यांना स्थान उरले नव्हते. आर्थिक विवंचनेत आणि बऱ्याचशा विस्मरणात १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. चित्रपटक्षेत्रातील योगदानासाठी भारत सरकारतर्फे दिला जाणारा दादासाहेब फाळके पुरस्कार १९६९ पासून सुरू झाला. पहिला पुरस्कार देविका राणी यांना मिळाला.

फाळके यांनी सुमारे शंभर चित्रपट व अनेक लघुपट काढले. त्यांतील फारच थोडे टिकले. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती सहज पेट घेई, आणि दमट, उष्ण हवेत सडून तिची भुकटी होई. 'राजा हरिश्चंद्र'चा पहिला व शेवटचा भाग तेवढा पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. तो मूळ १९१३ च्या चित्रपटाचा नसून फाळके यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचा आहे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. 'कालियामर्दन'चा बराच मोठा भाग आणि 'लंकादहन', 'श्रीकृष्णजन्म' यांचे काही तुकडे उपलब्ध आहेत. 'चित्रपट कसे तयार करतात' याचाही काही अंश शिल्लक असून, त्यात फाळके हातात फिल्म घेऊन ती उजेडासमोर धरून पाहताना दिसतात.